कारचा टायर आणि मागची सीट

आमच्या घरात कुठलीही वस्तू घेताना आधी एकच प्रश्न विचारला जातो, किती टिकेल? छान दिसते का, सोयीची आहे का, मुळात हवी आहे का, हे प्रश्न नंतरचे, आणि त्यांच्यावर येईपर्यंत बहुतेक वेळा वस्तू घेऊनही झालेली असते. आमच्या ह्यांच्या छत्रीचं कापड चार वेळा बदललंय, काड्या दोन वेळा, तरी ती तीच छत्री आहे असं त्यांचं म्हणणं. माझ्या लग्नातल्या चपला त्यांना अजून आठवतात, कारण त्या सहा महिन्यांत तुटल्या. तेव्हा मोटरसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर घालायचं खूळ जगात कुणाच्याही डोक्यातून निघालेलं असो, रत्नागिरीत ते आमच्याच घरी मुक्कामाला येणार होतं.

हे तेहतीस वर्षं पोफळीच्या वीजघरात होते. मी प्राथमिक शिक्षिका. त्यांची नोकरी एका जागी खिळलेली आणि माझी बदल्यांची. दाभोळच्या खाडीकाठीच मी नऊ वर्षं काढली. त्यामुळे आमचा संसार शनिवार-रविवारचा. शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडायची, सोमवारी सकाळी परत एसटी. अशाच एका सोमवारी चिपळूणच्या स्टँडवर मला सोडायला आले असताना ह्यांनी शब्द दिला, "रिटायर झालो की मोठी मोटरसायकल घेऊ. तू मागे बसायचंस. सांचीला जाऊन येऊ."

सांचीचं नाव मी काढलेलं होतं. माझ्या वर्गात सांचीच्या स्तूपाचं चित्र कायम लावलेलं असे. शाळा बदलली की मी चित्र गुंडाळून बरोबर न्यायची. ते तोरण, ते हत्ती, ती झाडं मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना दाखवली. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुमी बघितलात काय?" मी म्हटलं, "बघणार आहे." ज्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर असते त्या घरात सांची म्हणजे काय हे वेगळं सांगायला लागत नाही. पण मला नुसती सांची नको होती. ह्यांच्या मागे बसून, पाठीला पाठ... म्हणजे छातीला पाठ लावून, हजारभर किलोमीटर जायचं होतं. इतकी वर्षं आठवड्यातले पाच दिवस ज्याचं तोंड दिसलं नाही, त्याची निदान पाठ तरी पोटभर बघावी, इतकीच माझी हौस.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि रत्नागिरीत घर केलं. मोटरसायकल मिळाली ती किनाऱ्यावरच्या एका मुसलमान माणसाकडून. जहाजावर नोकरीला. हौसेने घेतली आणि पुन्हा बोलावणं आलं म्हणून विकायला काढली. म्हशीएवढी गाडी. मागची सीट मात्र अशी ऐसपैस की आमच्या शाळेतल्या खुर्चीने लाजावं. त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "भाभी, गाडी मख्खन आहे. फक्त मागचा टायर खाते."

तेवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर आज मी वेगळं काही लिहीत असते.

मागचा टायर खरंच झिजलेला होता. तसला टायर रत्नागिरीत मिळेना, मुंबईहून मागवावा लागणार होता, आणि तोही दहा-बारा हजार किलोमीटरमध्ये टक्कल पडणारा. ह्यांना झोप लागेना. मग मोबाईलवर त्यांना कुठल्या तरी परदेशातले दाढीवाले सापडले, जे लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलला मागे सरळ कारचा टायर घालतात. चाळीस हजार किलोमीटर जातो म्हणे. मला व्हिडिओ दाखवला. मी म्हटलं, "अहो, आपल्याला सांचीला जायचंय, चंद्रावर नाही." तर म्हणाले, "अगं, एकदा घातला की आपल्या जन्मात बघायला नको."

पालीच्या नाक्यावर एक पंक्चरवाला आहे. ट्रकपासून सायकलपर्यंत सगळं बघतो. त्याच्याकडे नवा कोरा कारचा टायर आणि काढलेलं चाक घेऊन आम्ही रिक्षाने गेलो. त्याने टायरवर हात फिरवला आणि तो बाजूला ठेवला.

"काका, फटफटीचा टायर पोटाला गोल असतो, म्हणून ती वळणावर झुकते," तो म्हणाला. "ह्यो हाय चौकोनी. सरळ रस्त्याला काय नाय व्हायचां. पण वळणावर ह्यो उभाच ऱ्हायला बघणार. मी नाय बसवणार."

ह्यांनी त्याला सांगितलं, "तू टायर बसवतोस. मी टर्बाइनं बसवली आहेत."

त्याने चाक आमच्याकडे सरकवलं. माझ्याकडे बघितलं फक्त. मी चाक उचलायला वाकले. चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायचं नाही ही माझी शिस्त. आज वाटतं, त्या शिस्तीला आग लावायला हवी होती.

टायर आम्ही घरीच बसवला, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. कारच्या टायरची कडा तारेची, कडक, आणि ती मोटरसायकलच्या रिंगमध्ये जायला तयार नव्हती. ह्यांनी माझा भांड्यांचा साबण एका बादलीत कालवला. टायर उघडायच्या लोखंडी पट्ट्यांना माझ्या जुन्या पातळाच्या चिंध्या गुंडाळल्या, रिंगेला चरे पडू नयेत म्हणून. एका बाजूची कडा आत गेली की दुसरीकडून बाहेर यायची. शेवटी ते म्हणाले, "तू वर उभी राहा." मी साडी खोचली आणि दोन्ही पायांनी त्या टायरवर उभी राहिले. ते पट्टी सरकवत पुढे, मी पाऊल सरकवत त्यांच्या मागे. त्यांच्या खांद्यावर माझा हात. साबणाने पाय घसरत होते आणि आम्ही दोघं हसत होतो. साठीची बाई अंगणात टायरवर नाचतेय हे बघून शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली, तरी मी उतरले नाही.

मग हवा भरायला चाक घेऊन गॅरेजवर गेलो. कडा रिंगेवर बसायला जोरात हवा लागते. आम्ही भिंतीआड उभे. धाड, आणि थोड्या वेळाने पुन्हा धाड. दोन्ही कडा बसल्या. परत येताना रिक्षात चाक आमच्या दोघांच्या मध्ये, गुडघ्यांवर. ह्यांनी त्याच्यावरून माझा हात धरला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्या टायरने मला दिलेलं सुख तेवढंच.

गाडीला चाक लागलं. टायर आणि गाडीच्या लोखंडाच्या मध्ये बोटभर जागा उरली. मी विचारलं, "मग कधी निघायचं?" दिवाळी नुकतीच झाली होती, हवा गार होती, रस्ते कोरडे. मिऱ्याहून निघणारा रस्ता थेट नागपूरला जातो, तिथून पुढे आलीच सांची. मी बॅगही काढून ठेवली होती.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू काही चुलीवर न ठेवताच भात मागितला.

"ट्रायल घेतल्याशिवाय लोड द्यायचा नसतो," म्हणाले.

वीजघरातली ही रीत मला त्या दिवशी कळली. दुरुस्त केलेलं मशीन लगेच कामाला लावत नाहीत. आधी रिकामं फिरवायचं. मग पाव लोड, मग अर्धा, मग पाऊण, सगळं नीट वाटलं की फुल लोड. प्रत्येक पायरीला नोंद. मशीनला ही रीत योग्यच असणार, नाहीतर महाराष्ट्रात दिवे लागले नसते. पण हे निवृत्त झाले तरी रीत निवृत्त झाली नव्हती. ह्यांनी वही काढली आणि मला विचारलं, "तुझं वजन किती?"

"अडुसष्ट."

त्यांनी पहिल्या पानावर लिहिलं: फुल लोड, अडुसष्ट किलो.

त्या वहीत माझं नाव कुठेच नव्हतं.

रिकामी ट्रायल महिनाभर चालली. रोज सकाळी न्याहारी करून हे निघत, हातखंब्यावरून पालीपर्यंत जात, परत येत. टायर पंक्चरवाल्याने सांगितलं तसाच वागत होता, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. संध्याकाळी हात वर जात नसत. रस्त्याचं काम अर्धवट, एका बाजूला नवं काँक्रीट, दुसऱ्या बाजूला जुनं डांबर, मधे उंबरा. त्या उंबऱ्यावर टायर आपल्या मर्जीने सरके. मी तेल लावून खांदे चोळून दिले आणि म्हटलं, "काढून टाका ना तो." तर म्हणाले, "अगं, रिकामा आहे म्हणून उडतो. कारचा टायर आहे तो, त्याला वजन लागतं. लोड दिला की बसेल."

लोड म्हणजे मी असेन असं मला वाटलं. तर ह्यांनी गावच्या घरून आलेल्या तांदळाची पोती काढली. पाव लोड म्हणून सतरा किलोचं एक गाठोडं मागच्या सीटवर काथ्याच्या दोरीने बांधलं आणि निघाले. महिन्याभराने चौतीस. तेवढ्यात फाल्गुन संपला आणि उन्हाळ्यात मध्य प्रदेशात जाणं म्हणजे वेडेपणा असं ठरलं. मग पाऊस. पावसात ट्रायल बंद. आळीतली माणसं मला विचारायची, "बाई, काका तांदूळ कुठं फिरवून आणतात?" मी हसायची. दुसरं काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपल्यावर विहारातल्या बायकांची बस सांचीला निघाली. माझ्यासाठी खिडकीची सीट धरून ठेवली होती. मी ऐटीत सांगितलं, "आम्ही दोघं मोटरसायकलवरून जाणार आहोत." बायका आ वासून बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या ऐटीचं पुढे काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. बस गेली, आली. त्यांनी मला पिंपळाचं एक पान आणून दिलं. त्याच सुमारास डॉक्टरांनी माझ्या उजव्या गुडघ्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "वर्ष-दीड वर्षात ऑपरेशन करावंच लागेल." चढायचं, पाय टाकून बसायचं, ते त्याआधी उरकून घ्या, असंही म्हणाले.

ते ऐकल्यावर ह्यांनी पाऊण लोडची पायरी गाळली. हा त्यांनी माझ्यासाठी केलेला केवढा मोठा त्याग, हे वीजघरात काम केलेल्या माणसालाच कळेल.

फुल लोडचा दिवस ठरला. मी पंजाबी ड्रेस घातला, हेल्मेट घातलं आणि गुडघा हाताने उचलून पलीकडे टाकला. आंबा घाट चढून वर जायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. पालीपर्यंत गाडी जी काय चालली! सरळ रस्त्यावर हलत म्हणून नव्हती. ह्यांची पाठ माझ्या समोर, रुंद, थोडी वाकलेली, शर्टाला माझ्याच हातची इस्त्री. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना.

घाट लागला आणि पाठ बदलली. प्रत्येक वळणावर ती ताठ व्हायची. गाडी झुकायला हवी तेव्हा ती खालून कुणी ढकलल्यासारखी उभी राहायला बघे आणि हे दोन्ही हातांनी तिला दाबत. चौथ्या की पाचव्या वळणावर, डावीकडे वळताना, ती दबली नाही. सरळ निघाली, पलीकडच्या बाजूला. समोरून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक उतरत होता. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक दाबला. ह्यांनी कशीबशी गाडी ओढून आत घेतली. चिऱ्यांची तांबडी माती माझ्या तोंडावर उडाली इतक्या जवळून तो गेला.

पुढे जागा बघून ह्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता हे मागे वळून विचारतील, तुला लागलं नाही ना.

हे म्हणाले, "तू वळणावर अंग टाकत नाहीस. ताठ बसतेस. पोत्याचा असा त्रास नव्हता."

मी प्रामाणिकपणे लिहिते. भीतीने मी ताठले असेन. पहिल्या वळणाला नसेन, पाचव्याला असेन. पण गाडी उभी राहिली ती टायरमुळे, हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि पालीच्या पंक्चरवाल्याला तर वर्षापूर्वीच माहीत होतं. तीस वर्षं मी जिथे बदली झाली तिथे गेले. जिकडे वळण आलं तिकडे वळले. शनिवार ह्यांचा, सोमवार सरकारचा, असा हिशोब एक शब्द न बोलता पाळला. आणि मला, मला हे सांगणार की तू अंग टाकत नाहीस!

मी गुडघा हाताने उचलला आणि उतरले. हेल्मेट सीटवर ठेवलं. "अगं, काय करतेस?" म्हणाले. कोल्हापूरहून येणारी एसटी वळणावरून खाली आली, मी हात केला. घाटात एसटी थांबत नाही, पण तोंडभर तांबडी माती माखलेली बाई बघून ड्रायव्हरने थांबवली असेल.

"काय झालां बाय? ॲक्सिडेंट?" कंडक्टरने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "रत्नागिरी, एक."

मागच्या काचेतून दिसत होतं, हे पार रत्नागिरीपर्यंत एसटीच्या मागे येत होते. सीटवर माझं हेल्मेट बांधलेलं.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. ह्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही कपाटावर ठेवली. मी वाट बघत होते की आता टायर काढतील. पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी बघते तर चौतीस-चौतीस किलोची दोन पोती एकावर एक चढवून, काथ्याने करकचून बांधून, मागच्या सीटवर माणसासारखी उभी केलेली. "लांबची ट्रायल घेऊन येतो," म्हणाले. "आठवडा लागेल." कुठे जाताय हे मी विचारलं नाही. मीही काही कमी पिळाची नाही.

चौथ्या दिवशी मी कोळंबी सोलत बसले होते तेव्हा मोबाईल वाजला. हात धुऊन फोटो उघडला. मोटरसायकल उभी होती. मागच्या सीटवर माझी दोन पोती. त्यांच्या मागे लांब एक टेकडी, आणि टेकडीवर, नखाएवढा, तो घुमट. वर्गातल्या चित्रात बघून बघून मला तो कुठेही ओळखू आला असता. खाली ह्यांनी लिहिलं होतं: पोचलो. लोड जराही हलला नाही.

मी फोटो बोटांनी मोठा करून करून बघत होते. मांजराने अर्धी कोळंबी खाल्ली.

आल्यावर मी एकच विचारलं, "स्तूप कसा होता?"

"वर नाही गेलो," म्हणाले.

"का?"

"अगं, पोती कोण सांभाळणार? परका मुलूख. कुणी उचलून नेली असती."

मला हसू आलं की रडू, ते अजून ठरलेलं नाही. हा माणूस माझ्यावाचून सांचीच्या पायथ्याशी गेला आणि तांदळाच्या राखणीला बसून परत आला. त्यांनी खाली वाकून मला टायर दाखवला. "हे बघ, झिजलेला दिसतोय का कुठे? आता तू बसायला हरकत नाही. ट्रायल पूर्ण झाली."

मी म्हटलं, "तुमची सांची झाली. माझी राहिली. मला त्या सीटवर पुन्हा बसायचं नाही." त्यांना वाटलं मी रागाने बोलतेय, उतरेल. राग असता तर उतरला असता.

पोती मी स्वयंपाकघरात ओढून घेतली. तो तांदूळ पाच महिने पुरला. माझ्या वजनाचा, माझ्या जागेवर बसून गेलेला आणि आलेला तांदूळ रोज निवडायचा, धुवायचा, शिजवायचा. खडे पूर्वी असायचे तेवढेच होते. हे पाटावर बसून म्हणायचे, भात मोकळा झालाय. मधल्या काळात ते रोज सकाळी उरलेलं पोतं मागे बांधून फिरून यायचे आणि आल्यावर सोडून परत मला द्यायचे. गाडीचं वजन दिवसेंदिवस कमी होत होतं आणि ती वळणावर पुन्हा उडायला लागली आहे असं सांगायचे. गुडघ्याच्या ऑपरेशनला मी दिवस मागून घेतला आहे. नंतर टेकडी चढता येईल का, हे डॉक्टर नीट सांगत नाहीत.

परवा शेवटचे दोन शेर तांदूळ काढले आणि पोतं झटकून दांडीवर टाकलं. हे खळ्यात टायरची हवा बघत होते. रिकामं पोतं त्यांना दिसलं.

"आता मागे काय बांधायचं?" ते म्हणाले.

माझ्याकडे बघून विचारलं असतं तर मी विरघळले असते की काय, सांगता येत नाही. पण ते कुंपणाशी रचलेल्या चिऱ्यांकडे बघत होते, त्यांची रिकामी पाठ माझ्याकडे करून.

"चिरे बांधा," मी म्हटलं. "टिकतील."